पुकाऱ्यातले नाव

कोकण किनाऱ्यावरच्या एका तालुका न्यायालयात मी ३१ वर्षे लिपिक होतो आणि त्यांतली निम्म्याहून अधिक वर्षे दिवाणी दावे दाखल करून घेण्याच्या टेबलावर गेली. सकाळी आल्यावर पहिले काम बोर्ड लावण्याचे. बोर्ड म्हणजे त्या दिवशी चालणाऱ्या कामांची यादी. दाव्याचा क्रमांक, वादी कोण, प्रतिवादी कोण, दोघांचे वकील कोण आणि काम कशासाठी नेमले आहे, एवढा मजकूर तिच्यात असे आणि ती व्हरांड्यातल्या फळ्यावर टाचणीने लावली जाई. अकरा वाजता साहेब डायसवर बसले की पट्टेवाला दारात उभा राहून पुकारा करी. पुकारा तीनदा होतो आणि त्यात नाव, बापाचे नाव, आडनाव, सगळे येते. आमच्या इमारतीला लागून एसटीचा थांबा होता, पलीकडे चहाची टपरी आणि तिच्यामागे बाजार. तेव्हा सकाळी व्हरांड्यात पुकारलेले नाव दुपारच्या गाडीने खाडीपलीकडच्या वाडीत पोचलेले असे, आणि दिवेलागणीपर्यंत त्या नावाचा दावा कशाबद्दल आहे हेही लोकांना ठाऊक झालेले असे.

जमिनीचा वाद असेल तर यात कोणाचे काही बिघडत नाही. आमच्याकडचे बहुतेक दावे जमिनीचेच होते: सामाईक मिळकतीच्या वाटपाचे, वहिवाटीच्या पाणंदीचे, बांध सरकवल्याचे, कलमांच्या बागेत दुसऱ्याने कुंपण घातल्याचे. भावकीत तेढ आहे हे गावाला दावा लागण्याच्या कितीतरी आधी माहीत असते. पण काही माणसे अशी असतात की त्यांनी न्याय मागितला हे जगाला कळणे, हीच त्यांच्यासाठी मूळ अन्यायाहून मोठी हानी असते. ही माणसे दावा हरत नाहीत. ती दावा लावतच नाहीत. त्यामुळे कोणत्याही नोंदवहीत त्यांची गणती होत नाही.

असा एक खलाशी माझ्या टेबलापाशी आला होता. त्याचे गाव, बंदर आणि साल मी सांगणार नाही, आणि तो ओळखू येईल अशा एक-दोन खुणाही बदललेल्या आहेत. एवढेच सांगतो की ही गोष्ट १९९७ नंतरची आणि २०१७ आधीची आहे. या दोन सालांचे महत्त्व पुढे येईल. ताप उतरेना म्हणून त्याने रक्त तपासून घेतले होते. एचआयव्हीची लागण असल्याचा अहवाल त्याच्या हाती पडण्याआधी ट्रॉलरच्या मालकाच्या हाती पडला. मालकाने त्याला ऐन हंगामात बोटीवरून उतरवले आणि हिशेबही पुरा केला नाही. अहवाल बाहेर दिल्याबद्दल आणि कामावरून काढल्याबद्दल त्याला नुकसानभरपाईचा दावा लावायचा होता. ओळखीच्या कोणाकडून तरी त्याने वादपत्राचा, म्हणजे दाव्याच्या मूळ अर्जाचा, कच्चा मसुदा लिहून आणला होता आणि त्यात नावाची जागा कोरी होती. मी नाव विचारले. तो म्हणाला, “साहेब, नाव नाय घातला तर चालनार नाय काय?”

मी त्याला नियम सांगितला. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, आदेश ७, नियम १ : वादपत्रात वादीचे नाव, त्याचे वर्णन आणि राहण्याचे ठिकाण असले पाहिजे. त्याने पुढे विचारले की हे नाव बाहेर वाचले जाईल का. मी म्हणालो, बोर्डावर येईल आणि पुकाऱ्यातही येईल. त्याने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि तो जेटीच्या वाटेने गेला. तो परत आला नाही.

मी सांगितले ते खोटे नव्हते, पण अपुरे होते, आणि ते किती अपुरे होते हे मला निवृत्तीच्या थोडे आधी कळले. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे अशाच एका माणसाचे प्रकरण आले होते. तो एका सार्वजनिक उपक्रमात हंगामी कामगार होता, तपासणीत एचआयव्हीची लागण आढळली म्हणून त्याला कामापासून दूर ठेवले होते, आणि त्याने नाव गुप्त ठेवून दाद मागण्याची परवानगी मागितली होती. न्यायालयाने ती दिली. कायद्याच्या अहवालांत ते प्रकरण आजही ‘एमएक्स, मुंबईचा भारतीय रहिवासी’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली छापलेले आहे. सामनेवाल्या उपक्रमाचे नावही दोन अक्षरांतच आहे. त्या माणसाला न्याय मिळाला, काम करण्याइतका तो सक्षम असेल तर केवळ लागणीच्या कारणावरून त्याला नाकारता येणार नाही हे तत्त्व सगळ्या देशाला मिळाले, आणि हे सारे होताना त्याचे नाव कोणाला कळण्याची गरज पडली नाही. मुंबई माझ्या टेबलापासून एका रात्रीच्या एसटीच्या अंतरावर होती. खलाशी आला तेव्हा तो निकाल होऊन गेलेला होता, आणि आमच्या इमारतीत तो कोणी कोणाला सांगितलेला नव्हता.

पुढे २०१७ साली संसदेने एचआयव्ही व एड्सबाबतचा कायदा केला आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ३४ मध्ये, असा पक्षकार अर्ज करील तर न्यायालयाला त्याच्या नावाऐवजी टोपणनाव वापरून काम चालवता येईल, बंद दाराआड सुनावणी घेता येईल आणि ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई करता येईल, असे स्वच्छ शब्दांत लिहिले आहे. अशी प्रकरणे प्राधान्याने घ्यावीत असेही त्यात आहे. मी ते कलम पहिल्यांदा वाचले तेव्हा मला त्या कागदाची घडी आठवली.

पण ही सोय एका आजाराच्या माणसांपुरती आहे. विवाहाच्या कामांत हिंदू विवाह कायद्याचे कलम २२ सुनावणी बंद दाराआड ठेवते. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीचे नाव छापणे हा गुन्हा आहे; पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २२८अ खाली होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली आहे. बालकांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. या सगळ्या खिडक्या वेगवेगळ्या कायद्यांनी वेगवेगळ्या वेळी पाडलेल्या आहेत, आणि ज्या मूळ संहितेवर देशातला जवळजवळ प्रत्येक दिवाणी दावा चालतो, तिच्यात वादीने नाव झाकून दावा कसा लावावा याचा एकही नियम नाही. मनोरुग्णालयातले कागद बाहेर गेलेला माणूस, मूल दत्तक गेल्याची गोष्ट उघड केली गेलेली आई, खासगी छायाचित्रे पसरवली गेलेली मुलगी यांनी भरपाई मागायची असेल तर त्यांच्यापुढे तोच आदेश ७ आणि तोच नियम १ येतो.

यावर मला नेहमी मिळालेले उत्तर असे की न्यायालयाचे दार उघडे असते आणि ते उघडेच असले पाहिजे. हे मला मान्य आहे, आणि नुसते वरवर नव्हे. बंद दाराचा उपयोग दुबळ्याच्या विरुद्ध कसा होतो याचे एक जुने उदाहरण इंग्लंडमधले आहे. विवाह रद्द करून मागणाऱ्या एका स्त्रीच्या प्रकरणाची सुनावणी बंद दाराआड झाली. आपली बाजू स्पष्ट व्हावी म्हणून तिने नंतर कामकाजाच्या प्रती सासरच्या माणसांना पाठवल्या, तर तिलाच न्यायालयाच्या अवमानासाठी दोषी धरले गेले. १९१३ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने ‘स्कॉट विरुद्ध स्कॉट’ या निकालात ते रद्द केले, आणि खुल्या न्यायाचे तत्त्व सांगताना आजही त्याच निकालाचा दाखला दिला जातो. म्हणजे पडदा कोणासाठी ओढला जातो आणि कोणाच्या मागणीवरून, हे पाहिल्याशिवाय पडद्याबद्दल मत देता येत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला तो एका दिवाणी दाव्यातूनच. मुंबई उच्च न्यायालयात एका साप्ताहिकाच्या संपादकाविरुद्ध अब्रुनुकसानीचा दावा चालू होता. एका साक्षीदाराने सांगितले की आपली साक्ष वृत्तपत्रांत आल्यामुळे धंद्याचे नुकसान होते, आणि न्यायमूर्ती तारकुंडे यांनी ती साक्ष छापू नये असा तोंडी हुकूम दिला. बातमीदार नरेश श्रीधर मिरजकर आणि इतर काही पत्रकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठास एक अशा मताने निर्णय दिला की उघडी सुनावणी हा नियमच आहे, पण ती न्यायासाठी आहे, आणि जेथे उघडेपणामुळे न्यायच अडेल तेथे दार बंद करण्याचा अंगभूत अधिकार न्यायालयाला आहे. सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी बहुमताचा निकाल लिहिला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला एकटे वेगळे राहिले. धंद्याचे नुकसान एवढ्या कारणावर साक्ष झाकावी का, याबद्दल माझ्या मनात शंका आहे आणि तिथे मला हिदायतुल्लांच्या बाजूला उभे राहावेसे वाटते. पण तत्त्व म्हणून बहुमताने जे सांगितले, त्यावरच तालुक्याच्या न्यायाधीशालाही चालता येते. दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६ साली घातलेले कलम १५३ब तेच सांगते: न्यायालय खुले समजले जाईल, परंतु एखाद्या प्रकरणात लोकांना आत येण्यास मनाई करता येईल. आणि कलम १५१ खाली न्यायालयाचे अंगभूत अधिकार आहेतच.

नाव झाकायचे म्हणजे कोणापासून, हा प्रश्न नीट विचारला तर निम्मा वाद मिटतो. न्यायालयापासून नाव लपवता येणार नाही. एकदा निकाल लागलेल्या वादावर त्याच पक्षकारांत पुन्हा दावा चालू नये असा कलम ११ चा दंडक आहे, आणि वादी कोण हे दप्तरी नसेल तर तो पाळायचा कसा? दावा खोटा ठरला तर खर्च कोणाकडून वसूल करायचा, हुकूमनाम्याची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, कोण लावणार, हेही प्रश्न आहेत. प्रतिवादीपासूनही नाव लपवता येणार नाही, कारण ज्याला कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची आहे त्याला कोणाशी आणि कशाबद्दल वाद आहे हे कळलेच पाहिजे, साक्षीदाराचा उलटतपास घेता आलाच पाहिजे. उरतो तो तिसरा माणूस: व्हरांड्यातला, टपरीवरचा, गावातला. त्याला न्यायाधीशाने काय केले आणि का केले हे कळण्याचा पूर्ण हक्क आहे. निकालपत्र त्याला मिळाले पाहिजे, त्यातली कारणे त्याला तपासता आली पाहिजेत. वादी खाडीच्या अलीकडचा की पलीकडचा, कोणाचा मुलगा, कोणाची सून, हे कळल्याने त्या तपासणीत काही भर पडते असे मला ३१ वर्षांत एकदाही दिसले नाही.

जमिनीच्या दाव्यांना मात्र ही सवलत कधीच मिळू नये. दावा चालू असताना ती जमीन घेणाऱ्या माणसाला वादी कोण आणि त्याचा हक्क किती, हे कळले नाही तर तो फसेल. गंमत अशी की खोट्या नावाने दावा लावण्याची पद्धत जगात प्रसिद्ध झाली ती जमिनीच्याच दाव्यांतून. इंग्लंडमध्ये कब्जा मागण्याच्या दाव्यात ‘जॉन डो’ हा अस्तित्वातच नसलेला भाडेपट्टेदार वादी म्हणून उभा केला जाई, आणि १८५२ च्या कायद्याने ती प्रथा संपवली. तिथे ते नाव लाजेखातर घेतलेले नव्हते, दाव्याची वाट सोपी व्हावी म्हणून होते. पुढे अमेरिकेत तीच नावे ओळख झाकण्यासाठी वापरात आली. १९७३ च्या गर्भपाताच्या प्रसिद्ध खटल्यातली ‘जेन रो’ त्याच कुळातली.

अमेरिकेतल्या एका निकालाने मला आमच्या बंदरांची आठवण करून दिली. प्रशांत महासागरातल्या सायपान बेटावर कपडे शिवणाऱ्या कारखान्यांतल्या परदेशी कामगारांनी मजुरीसाठी नावे न देता दावा लावला. नावे कळली तर कामावरून काढतील, मायदेशी पाठवतील, तिथे घरच्यांना त्रास होईल, ही भीती त्यांनी मांडली. २००० साली तिथल्या अपील न्यायालयाने त्यांना नावे झाकून पुढे जाण्याची परवानगी दिली, आणि तीही प्रतिवादी कारखानदारांपासून, निदान दाव्याच्या त्या टप्प्यापुरती. मी वर म्हटले की प्रतिवादीपासून नाव लपवता येणार नाही. या निकालाने मला तिथे थोडे थांबायला लावले. मिरकरवाडा, हर्णै, साखरी नाटे या बंदरांवर नेपाळहून आणि परप्रांतांतून आलेले खलाशी काम करतात. त्यांतला एखादा थकलेल्या पगारासाठी दावा लावील तेव्हा तो ज्या बोटीवर निजतो तिच्या मालकाविरुद्ध लावील. पहिली सुनावणी होऊन काही संरक्षण मिळेपर्यंत तरी त्याचे नाव न्यायाधीशाच्या कपाटात राहावे, असे म्हणण्यात अन्याय कोणता?

एका ठिकाणी मात्र नाव झाकण्याचा काहीही उपयोग होत नाही, आणि ते ठिकाण आमच्याकडे मोठे आहे. प्रतिवादी जेव्हा गावकीच असते तेव्हा लपायचे कोणापासून? रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत गावकीचा निर्णय न मानता न्यायालयात गेला म्हणून कुटुंबच्या कुटुंब वाळीत टाकल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे झालेल्या आहेत. अशा घराशी कोणी बोलत नाही, दुकानात माल मिळत नाही, शिमग्यात पालखी त्या दारात थांबत नाही. कोकणातल्या माणसाला पालखी दारावरून पुढे गेल्याचे दुःख काय असते ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. या माणसांना टोपणनाव देऊन काय होणार? त्यांना उघड संरक्षण लागते, आणि ते देणारा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने २०१६ साली केला आणि तो ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. तेव्हा नाव झाकणे हा सगळ्यावरचा उपाय आहे असे मी म्हणत नाही.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या काळात बोर्ड संगणकावर गेला, आणि तिथे हा प्रश्न पार बदलला. पूर्वी फळ्यावरचा कागद संध्याकाळी निघे आणि गठ्ठ्यात जाई. गाव चार महिने बोले, मग दुसरा विषय येई. आता ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा, न्यायालय, पक्षकाराचे नाव आणि वर्ष घातले की प्रकरण समोर येते, आणि प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असल्याने ते कधी हरवत नाही. या सोयीला मी नावे ठेवणार नाही. नुसती पुढची तारीख विचारण्यासाठी खाडी ओलांडून आणि दोन गाड्या बदलून आलेल्या म्हाताऱ्या पक्षकारांना मी वर्षानुवर्षे पाहिले आहे, आणि आज त्यांचा नातू ती तारीख मोबाइलवर पाहतो. पण त्याच मोबाइलवर स्थळ पाहणारे मुलीचे नाव घालून पाहतात, मुंबईत खोली देणारा घरमालक पाहतो, नोकरी देणारा पाहतो. गावातली बातमी निदान त्या माणसाला ओळखणाऱ्यांपुरती असते. या यादीत तो माणूस अनोळखी लोकांना फक्त त्याच्या दाव्यावरून माहीत होतो.

प्रतिवादीच्या बाजूने एक आक्षेप घेतला जातो आणि तो मी हलका मानत नाही. वादी पडद्याआड आणि प्रतिवादी चव्हाट्यावर, असे झाले तर आरोप सिद्ध होण्याआधीच एकाची बदनामी होते. यावर तोड मुंबई उच्च न्यायालयानेच दाखवली आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्याशी संबंधित एका दाव्यात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २४ सप्टेंबर २०२१ रोजी सविस्तर कार्यपद्धती घालून दिली: आदेशांत दोन्ही पक्षांची नावे येणार नाहीत, मथळा नुसत्या अक्षरांचा असेल, मजकुरात वादी आणि प्रतिवादी क्रमांक एक असेच म्हटले जाईल. आदेश लोकांसाठी प्रसिद्धच होऊ नयेत इथपर्यंत त्या कार्यपद्धतीतली काही बंधने गेली, आणि तिथे मला ती जास्त वाटतात. निकालाची कारणे झाकली गेली तर न्यायाधीशाचेच काम पडद्याआड जाते. पण दोघांनाही अक्षरे द्यायची, ही गोष्ट मला सर्वांत न्याय्य वाटते. निकाल लागल्यावर, प्रतिवादी दोषी ठरला तर, त्याचे नाव उघड करायचे की नाही ते न्यायाधीश ठरवू शकतात.

संहितेत एक उपनियम यावा, एवढे मला मनापासून हवे आहे. तो येईपर्यंत जे करता येते ते मी आता तालुका विधी सेवा समितीत येणाऱ्या माणसांना सांगतो, कारण स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना तिथे वकील मोफत मिळतो आणि विचारायला ती माणसे येतात. सगळे काही क्रमावर अवलंबून असते. वादपत्र आधी दिले तर ते नोंदवहीत चढते, संगणकात नाव पडते, आणि मग अर्ज करून फारसे हाती लागत नाही. म्हणून कलम १५१ आणि १५३ब चा अर्ज आधी द्यावा, त्यात नाव न घालता कारण लिहावे, कोणती हानी होईल आणि ती का भरून येणार नाही हे नेमके सांगावे, आणि नाव, पत्ता व प्रतिज्ञापत्र बंद पाकिटात न्यायाधीशांच्या नावे द्यावे. अर्ज फेटाळला गेला तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या माणसाला आता त्याविरुद्ध मुंबईला जावे लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे फिरते पीठ (सर्किट बेंच) कोल्हापुरात बसते. पाकिटावर दाव्याचा क्रमांक लिहिता येत नाही, कारण तो अजून पडलेला नसतो. त्याजागी अर्जाची तारीख आणि किरकोळ अर्जाचा क्रमांक लिहावा, आणि टेबलावरच्या लिपिकाकडून पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नये.